एका फेरीत दोन त्रेसष्ट

शैला हिवराळे एकतीस वर्षं मोटारींच्या शर्यतीत आहे आणि यंदाच्या सप्टेंबरपर्यंत तिने एकही शर्यत पाहिलेली नव्हती. हे ऐकून लोक हसायचे. तीही हसायची. काय करणार, कामच तसं होतं.

इंग्लंडमधल्या लेस्टरपासून अर्ध्या तासावर शेतांच्या मधोमध एक लंबगोल डांबरी रिंगण आहे. चारशे मीटरची एक फेरी, भोवती पोलादी पत्र्यांचं कुंपण. सगळे त्याला बाउल म्हणतात. टीव्हीवर दाखवतात त्या चकचकीत शर्यती वेगळ्या. तिथे गाडीला ओरखडा पडला की माणसं डोक्याला हात लावून बसतात. इथे ओरखडा न पडता कुणी बाहेर आला, तर त्याला विचारतात, आलास कशाला? पण त्या चकचकीत शर्यतींत पुढे नाव काढलेले दोन-तीन जण याच रिंगणात धडका खाऊन शिकले, असं मॉरीन छाती पुढे काढून सांगते. मॉरीन म्हणजे इथली मुख्य. शर्यत सुरू करणारी, थांबवणारी, आणि सगळ्यांवर ओरडणारी.

इथली रीतही उफराटी. जो चांगला पळवतो त्याने मागे उभं राहायचं. नवखे सगळ्यात पुढे, त्यांच्या गाड्यांचे टप पांढरे. मग पिवळे, मग निळे, आणि लाल टपाचे खंदे गडी शेवटी. शर्यत सुटली की मागचे पुढच्यांना ढकलत, रेटत वाट काढतात. चोवीस गाड्या सोळा-सतरा सेकंदांत एक फेरी मारतात. त्यात पुढे कोण, मागे कोण, आणि कुणाची एक फेरी कमी झाली, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मोठ्या ट्रॅकवर त्यासाठी यंत्रं असतात. गाडीला एक डबी बसवतात आणि रेषेखाली तार. बाउलवर ती आणायची की नाही यावर दर हिवाळ्यात मीटिंग होते, चहा-बिस्किटं होतात, आणि ठरतं की कडू आणि शैला आहेत तोवर राहू दे.

कडू म्हणजे कडूबा, शैलाचा नवरा. लोखंडी पायांवर उभी केलेली एक केबिन आहे, तिला बॉक्स म्हणतात. कडूबा खिडकीशी बसतो आणि रेषेवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर मोठ्याने म्हणतो. शैला टेबलाशी बसून चार्टवर लिहिते. सगळ्यात पुढची गाडी परत आली की तो "फेरी" म्हणतो, ती नवी ओळ धरते. बॉक्सचा नियम एकच. लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही. मान वर गेली की चार गाड्या गेल्याच म्हणून समजा. म्हणून एकतीस वर्षं शर्यत म्हणजे शैलाला नवऱ्याचा आवाज, टेबलाची थरथर आणि जळक्या रबराचा वास.

हे काम त्यांच्या गळ्यात पडलं ते कडूबाच्या हात वर करायच्या सवयीमुळे. तो तेव्हा मोज्यांच्या फॅक्टरीत फिटर होता. एका रविवारी दोघं सहज शर्यत बघायला गेले, तर नंबर लिहिणारी माणसं आलीच नव्हती. मॉरीन त्या वेळी चहाच्या खिडकीवर होती. तिने ओरडून विचारलं, "कुणाला मोजता येतं का?" कडूबाचा हात वर. त्याने इंग्रजीत नंबर सांगायला सुरुवात केली. शैला सेव्हन्टी-टू ऐकायची, मनात त्याचं बाहत्तर करायची, मग लिहायची. तोवर तीन गाड्या पसार. शेवटी ती कडाडली, "अहो, मराठीत सांगा ना!" चौथीत शाळा सुटलेली बाई, पण मास्तरांनी पाढे असे घोटून घेतले होते, की मराठी आकडा कानातून थेट हातात उतरायचा. बाहत्तर, अठरा, सत्तेचाळीस, पंचावन्न. कानात मराठी, कागदावर इंग्रजी. मॉरीन जिना चढून आली आणि बघतच राहिली.

"ही कुठली भाषा?"

"फास्ट," कडूबा म्हणाला.

तेव्हापासून तो खिडकीशी आणि ती कागदाशी.

तर यंदाच्या मे महिन्यात कडूबाने गाडी विकली. ज्या माणसाने रविवारी आंघोळ चुकवली पण गाडी धुवायची चुकवली नाही, त्या माणसाने. म्हणाला, विमा महाग झालाय. जूनमध्ये त्याने चहा कपाशेजारी ओतला. म्हणाला, कप सरकला. शैला म्हणाली, "डोळे दाखवून या एकदा."

"डोळ्यांना काय झालंय? तू मला चांगली दिसतेस."

"कशी दिसते?"

"तरुण."

खरं तर तिथेच तिला कळायला हवं होतं.

जुलैत एका फेरीत त्याने एकच नंबर दोनदा सांगितला. शैलाला वाटलं, जीभ घसरली असेल. फेरीत कुठला नंबर आला नाही ते तिने ताडलं आणि दुसऱ्या जागी तो घातला. ऑगस्टमध्ये असं तीनदा झालं. तीनदा तिने तसंच केलं. पण दोघांतला आधी गेला तो कोण आणि मागून गेला तो कोण, हे तिला कुठे ठाऊक होतं? तिने आपला अंदाज लिहिला. कुणाला कळलं नाही. कळलं नाही म्हणून तिला झोप लागेना. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिच्या डोक्यात ते आकडे फिरायचे. आपण एखाद्याचा सातवा नंबर दुसऱ्याला दिला की काय? आणि सांगायचं तर कुणाला? सांगितलं की खिडकीशी दुसरा कुणी बसणार. फॅक्टरी बंद पडल्यावर या माणसाने दिवसेंदिवस तोंड उघडलं नव्हतं. रविवारी तेवढा बोलायचा. नंबर, पण बोलायचा.

शेवटच्या शर्यतीच्या आठवड्यात चिवड्याचा डबा भरताना तिला तळाच्या कागदाखाली पत्र सापडलं. डोळ्यांच्या दवाखान्याचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्याचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी, येणार की नाही ते कळवा. म्हणजे हा बाबा एकटाच जाऊन तपासून आला होता! कडूबाच्या आईचा मोतीबिंदू गावच्या शिबिरात काढला होता, आणि मोतीबिंदूबरोबर डोळाही गेला होता. ती गोष्ट तो कधी बोलत नसे, म्हणूनच ती शैलाच्या लक्षात होती. पण बायकोपासून लपवायची वस्तू कुणी चिवड्याच्या डब्यात ठेवतं का? तिने पत्र होतं तसं घडी करून कागदाखाली ठेवलं, वर चिवडा भरला, आणि चार दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्याकडे बघायचंही तिने टाळलं.

रविवारी शेजारचा राकेश त्यांना न्यायला आला. गाडी विकल्यापासून तोच न्यायचा.

"जय भीम काका. आज लास्ट डे ना? एक्सायटेड?"

"मी काय एक्साइट होणार? तुझी काकू बघ, सकाळपासून तिसऱ्यांदा कुलूप बघून आली."

शैला मांडीवर डबा घट्ट धरून बसली.

सप्टेंबरअखेरचं ऊन. दुपारनंतर ते बॉक्सच्या खिडकीतून सरळ तोंडावर येतं. कडूबाने टोपी पुढे ओढली. फायनलच्या आधी जोडी नावाची ड्रायव्हर जिना चढून वर आली. जोडी म्हणजे एकोणतीस नंबरची गाडी. आठवडाभर शाळेची बस चालवते, रविवारी ही. नऊ वर्षांत एकदाही जिंकलेली नाही, आणि दर वेळी बॉक्सला गरम डोनट मात्र आणते.

"शैला, आज माझा नंबर पहिला लिही हं."

"तू पहिली ये, मी लिहिते," शैला नेहमीसारखी म्हणाली. पण या वेळी तिने जोडीकडे न बघताच डोनट घेतला. डोनटची साखर चार्टवर सांडली.

पंचवीस फेऱ्या. हिरवा झेंडा पडला, टेबल थरथरायला लागलं आणि कडूबा सुरू झाला. पहिल्या दहा फेऱ्या बिनचूक. शैलाचा जीव जरा भांड्यात पडला. अकराव्या फेरीला पत्र्यावर मोठा आवाज झाला, लोक ओरडले, आणि सहा-सात गाड्या एकमेकींत अडकून सुटल्या. बाराव्या फेरीत कडूबा म्हणाला, "फेरी, अठरा, त्रेसष्ट, एक्क्याऐंशी..." आणि आणखी सहा गाड्यांनंतर पुन्हा, "त्रेसष्ट."

शैलाने लिहिलं. एका फेरीत दोन त्रेसष्ट. एकोणतीस नाही.

तेराव्या फेरीतही तसंच. चौदाव्यातही.

त्रेसष्ट नंबर कीथचा. कीथचा टप निळा, जोडीचाही निळा, आणि यंदा दोघांनी गाड्याही निळ्या रंगवल्या होत्या. उन्हाकडे तोंड करून बसलेल्या त्या डोळ्यांना एक निळा ठिपका दुसऱ्या स्थानावर दिसत होता आणि एक दहाव्या. बाकी सगळं अंदाजाने. एक कीथ, एक जोडी. पण पुढचा कोण? दुसरी जागा कुणाची?

लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही. पंधरावी. दोन त्रेसष्ट.  एकीकडे हात लिहीत होता, दुसरीकडे मन म्हणत होतं, अंदाज कर, जुलैत केलास तसा, कोण विचारतंय? सोळाव्या फेरीचे आकडे सुरू झाले आणि "फेरी"नंतर अठरा आलाच नाही. सगळ्यात पुढची गाडी धूर सोडत गवतात गेली होती. कडूबा म्हणाला, "त्रेसष्ट, एक्क्याऐंशी..."

म्हणजे तो पहिला निळा ठिपका आता सगळ्यांच्या पुढे होता.

वायरलेस खरखरला. मॉरीन. "बॉक्स, लीडर कोण?"

कडूबाने बटण दाबायला हात पुढे केला. शैलाने तो हात धरला.

"थांबा."

"अगं काय करतेस? गाड्या चालल्यात!"

"थांबा म्हणते ना!"

आणि तिने वर बघितलं.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आधी तर तिला काहीच कळेना. नुसते रंग, चिखल, वाकडे पत्रे, आणि हे सगळं इतकं जवळून की ती मागेच सरली. मग वळणावरून एक निळी गाडी सुटून आली. दारावर पांढऱ्या रंगात मोठं दोन आणि नऊ.

शैलाने बटण दाबलं. "लीडर टू-नाईन. टू-नाईन."

"शैला? कडू कुठाय?"

"इथेच आहे," ती म्हणाली आणि बटण सोडलं.

कडूबा तिच्याकडे बघत होता. म्हणजे तोंड तिच्याकडे होतं. मग त्याने काय केलं, तर टेबलावरचा जाड मार्कर उचलला, चार्ट आपल्याकडे ओढला, उलटा केला आणि म्हणाला, "सांग. वर बघ आणि सांग."

शैलाने सांगायला सुरुवात केली. तो लिहायला लागला. हाताएवढे मोठे आकडे, एका ओळीत सहाच मावायचे. तिने कधी नंबर म्हटले नव्हते; जीभ अडखळे. "फेरी. एकोणतीस, एक्क्याऐंशी, चौतीस, पंचावन्न... अगं बाई!"

"अगं बाई कितवा नंबर?"

"अहो, त्या पिवळ्याने त्याला पार पत्र्यावर चढवलं!"

"नंबर सांग!"

"सांगते ना, ओरडता कशाला! सत्तेचाळीस. मग... मधल्या दोन गेल्या बघा."

"जागा सोडली. पुढे."

विसाव्या फेरीपर्यंत तिची जीभ सरावली. लाल टपाची एक्क्याऐंशी, क्लाइव्हची, एकोणतीसच्या मागच्या बंपरला नाक लावून होती. ढकलणं इथे चालतं. तोच तर खेळ. शैला नंबर सांगत होती आणि मधेच खुर्चीवरून उठून उभी राहत होती. शेवटच्या, पंचविसाव्या फेरीत एक्क्याऐंशीने धक्का दिला, जोडीची गाडी कुंपणाकडे सरकली, पत्र्याला घासत ठिणग्या काढत गेली, पण थांबली नाही. तशीच घासत रेषेवर आली. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा पडला.

"एकोणतीस," शैला म्हणाली. 

कडूबाने लिहिलं, मार्करला टोपण लावलं. चुकून उलट्या बाजूने. मग बोट काळं झालं ते पँटला पुसलं.

पण शर्यत झेंड्याने संपत नाही, कागदाने संपते. मॉरीनच्या ऑफिसात चार्ट टेबलावर पसरले होते आणि क्लाइव्ह हाताची घडी घालून उभा होता.

"कागदावर बारा ते सोळा एकोणतीस नाहीच. पाच फेऱ्या नाहीत. मग ती जिंकली कशी? कागद म्हणेल ते, हा इथला नियम आहे. मी केलेला नाही."

जोडी हेल्मेट पोटाशी धरून भिंतीला टेकली होती.  कीथ म्हणाला, "त्या पाच फेऱ्यांत पुढे मी नव्हतो. मी दहावा होतो. मी दहावाच असतो, कुणालाही विचारा."

कुणी हसलं नाही. मॉरीनने चष्मा काढला. "ड्रायव्हरचा शब्द चालत नाही, कीथ. बॉक्सने चार्ट दुरुस्त करून सही करायची, आणि चूक कशी झाली त्याचं कारण लिहायचं. कारण पटलं तर जोडीची शर्यत. नाही तर क्लाइव्हची." तिने फॉर्म पुढे केला. "शैला, काय झालं?"

शैलाने तयारी करून ठेवली होती. जिना उतरतानाच. ती म्हणाली, "माय मिस्टेक. मी चुकीचं लिहिलं. हात..."

"शैला," कडूबा मराठीत म्हणाला, "डबा दे."

"आत्ता चिवडा?"

"दे म्हणतो ना."

तिने दिला. त्याने झाकण काढलं, चिवड्यात मनगटापर्यंत हात घातला आणि तळाचं पत्र ओढून काढलं. शेंगदाणे टेबलावर उड्या मारत गेले. पत्रावर तेलाचे डाग. त्याने ते मॉरीनसमोर ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाला, "कारण लिही. नंबर सांगणाऱ्याला दिसत नाही. लिहिणारीने जे ऐकलं ते लिहिलं. ती बरोबर, मी चूक."

मग शैलाकडे वळून, हळू, "तुला माहीत होतं?"

"डबा कोण भरतं घरात?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

मॉरीनला यातलं काही कळलं नसावं, पण तिने पत्र वाचून कडूबाला परत दिलं, फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या आणि सहीसाठी पेन पुढे केलं. शैलाने सही केली. पेन मात्र परत दिलं नाही.

"मॉरीन, अजून आहे. जुलैत एकदा आणि ऑगस्टमध्ये तीनदा असंच झालं. मी माझ्या मनाने भरलं. ते चार्ट काढ. कुठल्या फेऱ्या ते मी सांगते, मला सगळ्या पाठ आहेत."

 क्लाइव्ह घसा खाकरून बाहेर गेला. जोडी पुढे आली, शैलाचा हात तिने आपल्या काळ्या-तेलकट हातात धरला, काहीतरी म्हणायला गेली आणि नुसतीच रडायला लागली. मॉरीन म्हणाली, "जुने चार्ट कमिटी बघेल. कुणाचा नंबर फिरला तर मी त्याला स्वतः फोन करीन, आणि शिव्या खाईन." मग कडूबाकडे बघून, "मार्चमध्ये पहिली शर्यत आहे. डॉक्टरचं पत्र घेऊन ये. नवीन. चिवड्याशिवाय. मग बघू."

बघू म्हणाली. हो म्हणाली नाही.

परतताना राकेशने आरशातून दोघांना पाहिलं आणि रेडिओ बंद केला. अंधारायला आलं होतं. शैला मागे कडूबाशेजारी बसली होती आणि बोटांनी डब्याच्या झाकणावर काहीतरी मोजत होती. जुलैतला तो सातवा नंबर अजून डोक्यातून जात नव्हता. आता मॉरीनचा फोन येईपर्यंत तो जाणारही नव्हता.

"ऑपरेशन कधी आहे?" कडूबाने विचारलं.

"पत्र तुमच्या खिशात आहे. बघा."

 मग त्याने पत्र काढून तिच्या हातात दिलं. "मला वाचता येत नाही शैला. एप्रिलपासून."

तिने पत्र खिडकीच्या उजेडाकडे धरलं. "गुरुवारी साडेआठ. सकाळी उपाशीपोटी."

"तू येशील ना आत?"

"सोडतील तिथपर्यंत येईन. मग दारात बसेन. डोळा घेऊन बाहेर या म्हणजे झालं."

राकेश पुढून म्हणाला, "काका, मी ड्रॉप करीन तुम्हाला. डोन्ट वरी."

कडूबाने मान हलवली. मैलभर गेल्यावर तो तिच्याकडे सरकला.

"शेवटी काय झालं गं नेमकं? मला काहीतरी निळं गेलं एवढंच दिसलं."

"अहो, काय सांगू! त्या क्लाइव्हने असा धक्का दिला मागून..."

"तिथून नको. सोळाव्या फेरीपासून सांग." त्याने डोळे मिटून डोकं मागे टेकवलं. "आणि सावकाश. मी लिहीत नाहीये."